चालताना बोलायचं

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली गोष्ट साधी होती. चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य मध्येच तुटलं, की थांबायचं आणि बसायचं. आणि चालता चालता गाणंसुद्धा म्हणता यायला लागलं, तर पाय जरा उचलायचे.

"गाणं कसलं?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"कसलंही. तुम्ही कीर्तन करता ना? त्यातलंच म्हणा."

"ते असं रस्त्यानं जाता जाता म्हणायचं नसतं."

डॉक्टरीणबाईंनी हेमचंद्ररावांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. बायको कोर्टात नोकरीला होती, तेव्हापासून तिच्याशी कुणी वाद घालत नसे, हे त्यांना माहीत होतं.

न्यूमोनिया झाला तो संक्रांतीच्या आधी. साधा खोकला म्हणून अंगावर काढला, आणि एका संध्याकाळी पायऱ्या चढताना दमयंतीबाई मधल्या पायरीवरच बसल्या. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा साडी नेसतानाही मध्ये एकदा पलंगावर टेकावं लागे. दवाखान्यानं तीन गोळ्यांचं एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास आत ओढला की गोळे वर चढायचे. त्यांचा एकच गोळा वर चढे, तोही लाजत लाजत. हेमचंद्ररावांनी एकदा गंमत म्हणून ओढून पाहिलं, तर तिन्ही टपाटप वर गेले. मग त्यांना इतकं वाईट वाटलं, की ते यंत्र त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही.

आजारापूर्वी बाईंचा व्यायामाचा नेम कडक होता. पहाटे सूर्यनमस्कार, मग गारखेड्यातल्या कॉलनीच्या बागेत झपाझप फेऱ्या. हे सगळं प्रकृतीसाठी नव्हतंच. कीर्तनासाठी होतं.

कीर्तन हे उभ्यानं करायचं काम आहे. जिथं उभं राहायचं ती नारदांची गादी. तिला नमस्कार करून चढायचं आणि आरती होईस्तोवर खाली बसायचं नाही. आधी पूर्वरंग, म्हणजे एखादा विचार घेऊन त्याचं निरूपण. मग मध्यंतर, हार होतो, बुक्का लागतो, कुणीतरी पद म्हणतं. नंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. तेव्हा बोलायचंही, गायचंही, नाचायचंही. ज्यानं ते मन लावून ऐकलंय त्याला माहीत आहे, की त्या दोन तासांत माणूस कसा उजळत जातो. समोरचाही आणि गादीवरचाही. त्या उजेडाखाली मात्र छातीचा भाता सारखा चालू असतो.

त्यातही रामजन्माचं कीर्तन सगळ्यात अवघड. एरवी कीर्तनाला घड्याळ नसतं, याला असतं. भर दुपारी बाराला जन्म व्हायला हवा. पाळणा सजलेला, गुलाल ताटात, सुंठवडा पातेल्यात, सगळे त्या ठोक्यासाठी थांबलेले. इतका वेळ बोलून-गाऊन झाल्यावर, ऐन बाराला, आवाज सगळ्यात वर न्यायचा. कॉलनीतल्या राममंदिरात हे कीर्तन कित्येक वर्षं दमयंतीबाईंचं होतं, आणि पेटीवर हेमचंद्रराव. यंदाही ते आपलंच असावं, एवढी एकच गोष्ट बाईंना हवी होती. त्यासाठी रामनवमीपर्यंत छाती परत मिळवायची होती.

म्हणून त्या बागेत गेल्या. पहिल्याच वळणावर गीताबाई भेटल्या.

गीताबाई शेंद्र्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. आता निवृत्त. दोन गल्ल्या सोडून राहत. साखर वाढल्यापासून रोज चालत, आणि चालण्याहून जास्त बोलत.

"आले का बुवा!" त्या लांबूनच ओरडल्या. दमयंतीबाईंना त्या बुवाच म्हणत. "लई वाळल्या हो! घरच्यांनी उपाशी ठेवलं का?"

"आजारी होते."

"ते म्हाईतंय की. अख्ख्या कॉलनीला म्हाईतंय. चला, हळू चालू."

त्या हळू चालल्या. चालताना गीताबाईंनी आपल्या मुलाची, आकाशची, शेंद्र्याच्या कंपनीतली रात्रपाळी सांगितली, वांग्याचा भाव सांगितला, नळाला पाणी यायचा दिवस पुन्हा कसा पुढं गेला ते सांगितलं, आणि शेजारणीच्या जावेच्या ऑपरेशनची हकीकत अगदी टाक्यांपर्यंत सांगितली. मध्ये मध्ये विचारत, "हं, बोला की. तुम्ही पण बोला."

दमयंतीबाई हं हं करत. त्यांचा जीव कावला. सकाळची सात्त्विक वेळ, आणि ती वांग्याच्या भावात घालवायची? चार दिवस त्यांनी सोसलं. पाचव्या दिवशी त्या बागेकडे वळल्याच नाहीत, सरळ मंदिरात गेल्या.

चालायचंच आहे, तर देवाभोवती का चालू नये? हा विचार त्यांना इतका सरळ वाटला, की आधी कसा सुचला नाही याचंच नवल वाटलं. त्यांनी हातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला. रामनवमीपर्यंत रोज प्रदक्षिणा घालायच्या. आणि एकदा संकल्प सोडला, की त्याचे नियम आलेच. प्रदक्षिणा मौनात घालायची. मध्ये बसायचं नाही. ठरवलेल्यातल्या अर्ध्या टाकून घरी यायचं नाही.

संध्याकाळी हे ऐकून हेमचंद्रराव पेटीवरची धूळ पुसता पुसता थांबले.

"अगं, पण डॉक्टरांनी बोलायला सांगितलंय ना? मग बोलणार कुणाशी?"

"देवाशी. मनातल्या मनात."

"मनातल्या मनात बोलायला दम लागत नाही."

"अहो, तुम्ही पेटी पुसा."

पहिले काही दिवस फार छान गेले. गाभाऱ्यामागची फरशी पायाला गार लागे. धुपाचा वास असे. कुणी बुवा म्हणून हाक मारत नसे. बाई भराभर चालत. थोडं दमायला झालं तर त्यांना वाटे, हे साधनेत व्हायचंच. छातीत भरून आलं तर वाटे, देवामुळे भरून आलंय. डोळ्यांत पाणी यायचं, तेही त्यांनी त्याच खात्यात टाकलं. आपण धापा टाकतोय हे त्यांना कळायला एकच मार्ग होता, तोंड उघडून एक वाक्य बोलून पाहणं. आणि तेवढंच त्यांनी बंद ठेवलं होतं.

फाल्गुनातल्या एका सकाळी, शेवटच्या काही प्रदक्षिणा उरल्या असताना, त्यांना गाभाऱ्याची भिंत दोन ठिकाणी दिसू लागली. त्यांनी हात टेकला. पुजाऱ्यांनी विचारलं, "ताई, बसता का?" त्यांनी मानेनं नाही म्हटलं, अजून एक वळण घेतलं, आणि मग त्यांना कुणीही न विचारता त्या खाली बसल्या.

दुपारपर्यंत ताप चढला.

"तुम्हाला चालताना बोलायला सांगितलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मौन होतं," दमयंतीबाई खोल आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. "माझ्याकडे बरेच जण येतात," मग त्या म्हणाल्या. "कुणी आळसानं चालत नाही, कुणी एकदम पळायलाच लागतं. मौनामुळे आजारी पडलेल्या तुम्ही पहिल्याच."

फुप्फुसात पुन्हा थोडा कफ दिसत होता. पुन्हा गोळ्या आल्या, पुन्हा पलंग आला, आणि त्या तीन गोळ्यांच्या यंत्रातला एकच गोळा वर चढू लागला.

त्याच आठवड्यात मंदिराचे विश्वस्त काकासाहेब भेटायला आले. सफरचंदं घेऊन आले, चहा घेतला, हवापाण्याचं बोलून झालं. मग म्हणाले, "ताई, तब्येत आधी. बाकी सगळं नंतर."

"म्हणजे काय, काकासाहेब?"

"म्हणजे काही नाही. शिवराजला सांगून ठेवलंय. नुसतं सांगून ठेवलंय हं."

शिवराज तिशीतला. चितेगावच्या एका कारखान्यात पाळीत काम करायचा आणि सुट्टीत कीर्तनं करायचा. आवाज खणखणीत, डोळे हसरे, आणि थोडी घाई. दमयंतीबाईंनी त्याचं कीर्तन ऐकलेलं होतं आणि त्यांना ते आवडलेलंही होतं. म्हणूनच त्यांना राग आला.

"पोरगा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "अजून चहा घ्या."

काकासाहेब गेल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. हेमचंद्ररावांना वाटलं, कीर्तन जाणार म्हणून मन खट्टू झालंय. पण दोन दिवसांनी कळलं, त्यांना त्याहून दुसरंच काही टोचत होतं.

"अहो, संकल्प अर्धा राहिला. त्या दिवशीच्या प्रदक्षिणा राहिल्या. मी मध्येच बसले."

"त्या झाल्या."

"कशा झाल्या?"

"मी घातल्या. तुझ्या नावानं. आणि रोजच्याही चालू आहेत. दूध आणायला जातो तेव्हा जातो मंदिरात."

दमयंतीबाई उठून बसल्या. नवऱ्याचे गुडघे कसे आहेत हे त्यांना माहीत होतं. "मौनात?"

"मौनातच. मध्ये एकदा मंदारचा फोन आला पुण्याहून. तुझी तब्येत विचारत होता. पोराला काळजीत कसं ठेवायचं? 'हूं' म्हणालो. दोनदाच."

त्या हसल्या. हसताना खोकला आला, खोकताना आणखी हसू आलं. ते संपेस्तोवर हेमचंद्रराव पाण्याचा तांब्या धरून उभे राहिले.

ताप उतरला आणि परवानगी मिळाली, तेव्हा त्या परत बागेत गेल्या. गीताबाई वळणावर होत्याच.

"कुठं होता बुवा?"

"मंदिरात. प्रदक्षिणा घालत होते."

"मंग? देवानं परत पाठवलं व्हय?"

दमयंतीबाईंनी हे मुकाट्यानं गिळलं. मग डॉक्टरीणबाईंचा नियम त्यांना सांगितला. गीताबाईंनी तो वर्गात एखाद्या पोराचं ऐकावं तसा, मान हलवत, पूर्ण ऐकून घेतला.

"मंग बोला."

"काय बोलू?"

"सुनेचं सांगा."

"सून चांगली आहे."

"अवघडंय मंग." गीताबाई विचारात पडल्या. "नणंद?"

"देवाघरी गेली."

"तुम्हाला काय येतं तरी बोलायला?"

"आख्यान येतं."

"रामाचं? म्या विहारात जाणारी बाई. रामाला हात जोडणार नाय, आधीच सांगते."

"जोडू नका. हलवा. चालताना हात हलते राहावेत, असंही सांगितलंय त्यांनी."

गीताबाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की बाकावरचे म्हातारे वळून पाहू लागले. "बरं. सांगा तुमच्या दशरथाचं. पन लांबण लावायची नाय."

असं ते सुरू झालं. दमयंतीबाई चालता चालता आख्यान सांगायच्या. गादीवर सांगतात तसं नाही. तशी पट्टी लावून नाही, टाळ्या घेत नाही. नुसतं सांगायच्या. त्यांना आजवर ऐकणारे मिळाले होते ते सगळे आधीच मान डोलवणारे. गीताबाई मान डोलवत नसत. त्या प्रश्न विचारत.

"तिघी राण्या एका घरात? भांडल्या नाय?"

"भांडल्या की. पण ते पुढं."

"पुढचं काय कामाचं? म्या आताचं विचारते. पायसाची वाटी वाटताना काही झालंच असंल. माझ्या सासरी पुरणपोळीवरनं दोघी जावा तीन वर्षं बोलत नव्हत्या."

दमयंतीबाईंना यावर उत्तर द्यावं लागे. उत्तर द्यायला श्वास लागे. आणि मध्येच कुठंतरी वाक्य तुटे. कौसल्येच्या दारापाशी पोचून 'कौस' एवढंच बाहेर येई.

"पूर्णविराम!" गीताबाई लगेच म्हणत. "बसा."

त्या बसत. बाकावर शेजारी गीताबाई पाण्याची बाटली उघडून धरत आणि स्वतः वांग्याकडे वळत. बाईंना परत बोलता यायला लागलं, की दोघी उठत. हळूहळू पूर्णविराम लांब लांब पडायला लागले. आधी बागेच्या फाटकापाशी पडायचे, मग झोक्यांपाशी, मग एक दिवस पूर्ण फेरी झाली आणि दोघींच्याही लक्षात आलं नाही, कारण गीताबाई विचारत होत्या, की यज्ञातून पायस घेऊन आलेला तो पुरुष पुन्हा कुठं गेला, आणि त्याला जेवायला तरी घातलं का कुणी.

"हे मी कधी सांगितलेलं नाही," दमयंतीबाई म्हणाल्या.

"मंग आता सांगा. पाव्हणा होता ना."

चैत्र जवळ आला. बागेत सकाळीही ऊन लागू लागलं. बाईंचा चेहरा भरला. घरी त्यांनी पुन्हा सूर्यनमस्कारही सुरू केले; अगदी थोडे, पलंगाच्या कडेला, आणि ते घालताना तोंडानं मंत्र म्हणत, म्हणजे दम कळेल. एका सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांनी हेमचंद्ररावांना पेटी काढायला लावली.

निरूपण सुरळीत झालं. आवाज थोडा खाली होता, पण वाक्याला वाक्य लागत होतं. मग उत्तररंगातलं पद आलं. पहिली ओळ बरी गेली. दुसरी ओळ चढते, आणि चढून वर थोडा वेळ थांबते, मग खाली येते. बाई चढल्या. वर पोचल्या. आणि थांबायच्या जागी त्यांच्याकडे काही उरलं नाही. तरी सूर तुटल्यासारखा वाटला नाही, कारण पेटी चालूच होती. हेमचंद्ररावांनी तो वरचा स्वर धरून ठेवला होता, अलगद, जणू तोच आवाज पुढं गेला.

त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच झालं.

"तुम्ही भरताय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझी ओळ. मी सोडते तिथं तुम्ही पेटीत भरताय."

हेमचंद्ररावांनी भाता सोडला. "साथ म्हणजे दुसरं काय असतं? लोकांना कळणारसुद्धा नाही."

"लोकांना नाही कळणार."

"मग काय बिघडलं?"

पंखा चालू होता. रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. हेमचंद्रराव वाट पाहत राहिले. त्यांनाही हे कीर्तन हवंच होतं, पेटी घेऊन गादीमागे बसायचं वर्षातलं त्यांचंही ते एकच मोठं सुख होतं.

"छाती रिकामी आणि सूर लावल्याचं सोंग," बाई शेवटी म्हणाल्या. "असं मी त्या जागेवर नाही करायची."

संध्याकाळी त्या स्वतः चालत काकासाहेबांकडे गेल्या आणि तिथून शिवराजला फोन लावून बोलावून घेतलं. तो पाळी सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच आला, आणि बाई दिसताच अवघडून उभा राहिला. त्याला वाटलं, आता आपल्याला नको म्हणणार.

"पूर्वरंग मी करते," दमयंतीबाई म्हणाल्या. "उत्तररंग तू कर."

"एकाच कीर्तनात दोघं? ताई, जुगलबंदीत करतात तसं?"

"जुगल वगैरे काही नाही. मी माझं झालं की खाली उतरणार. बाराला गादीवर तू असशील."

काकासाहेबांना हे पटेना. "उलट करू की! आधी शिवराज बोलेल. तुम्ही बसून राहा, ताज्यातवान्या. मध्यंतरानंतर उभ्या राहा. पाळणा तुमच्याच तोंडून ऐकायचाय लोकांना, ताई. बायका त्यासाठी येतात."

हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं, की दमयंतीबाईंनी क्षणभर खिडकीकडे पाहिलं. बसून राहायचं, विश्रांती घ्यायची, आणि बाराला उभं राहायचं. पाळणा कितीसा लांब असतो?

"काकासाहेब," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे सध्या बोलण्यापुरताच दम आहे. बोलायचं काम पूर्वरंगात असतं. गायला माणूस आहे ना आपल्याकडे."

शिवराजनं वाकून नमस्कार केला. "पट्टी कुठली लावतोस?" हेमचंद्ररावांनी विचारलं. तो म्हणाला, काळी दोन. "बरं," हेमचंद्रराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गीताबाईंनी हे ऐकलं. "म्हंजी मेन काम दुसऱ्याला दिलं?"

"हो."

"वाईट वाटलं?"

"वाटलं."

"वाटू द्या. बोलायचं थांबू नका, चढ आलाय."

रामनवमीला मंदिर सकाळीच भरलं. कूलर घरघरत होते. पाळण्याला मोगऱ्याच्या माळा होत्या. नऊवारी नेसून, गळ्यात उपरणं घेऊन दमयंतीबाई गादीला नमस्कार करून उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. गेल्या वर्षीइतक्या त्या फिरल्या नाहीत. झांज त्यांनी अगदी थोडी वाजवली. एक छोटं पद म्हटलं, तेही खालच्या सुरात. पण बोलत राहिल्या, आणि बोलणं घरातल्यासारखं होतं. मागे बसलेल्या एका आजींनी शेजारणीला सांगितलं, "आज बाई आपल्याशीच बोलताहेत गं."

मध्यंतर झालं. हार झाला, बुक्का लागला. शिवराज पुढं आला. त्यानं पायांना हात लावला, आणि तो गादीवर चढल्यावर दमयंतीबाईंनी वाकून नमस्कार केला. तो कासावीस झाला. "ताई, अहो..."

"तुला नाही रे, गादीला," त्या म्हणाल्या आणि बायकांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

शिवराजचा आवाज खरंच खणखणीत होता. बाईंची दुसरी ओळ, ती वर चढून थांबणारी, त्यानं लीलया थांबवली. हेमचंद्ररावांच्या पेटीला तिथं काही भरायचं उरलं नव्हतं. ते डोळे मिटून नुसते मागोमाग जात होते. दमयंतीबाई मांडीवर ठेका धरून होत्या. ओळ वर थांबली तेव्हा त्यांचाही श्वास आपोआप धरला गेला, आणि त्याच्या आधी सुटला.

फक्त घाई. यज्ञ झाला, पायस झालं, डोहाळे झाले, आणि कौसल्येला कळा सुरू झाल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बाराला बराच अवकाश होता. पडद्याची दोरी धरलेल्या पुजाऱ्यांनी शिवराजकडे डोळे वटारले. त्यानं नामगजर घेतला. तो संपला. पुन्हा घेतला. टाळ्या आधी जोरात होत्या, मग नुसत्या होत्या. एक लहान मूल रडायला लागलं. शिवराजच्या कपाळावरचा बुक्का घामानं ओघळला, आणि त्यानं पहिल्या रांगेकडे पाहिलं.

दमयंतीबाई बसूनच राहिल्या. खाली उतरणार, असं त्यांनी सांगितलं होतं. शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसलं. मग त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. गादीवर चढल्या नाहीत. खालीच, पाळण्याजवळ उभ्या राहिल्या, आणि माइक हातात घेतला.

"आता राजवाड्यात सगळ्यांना घाई झालीय बरं का," त्या म्हणाल्या. "राजाला घाई, प्रधानाला घाई, ज्योतिषी बोटं मोजत बसलेत. घाई नाही ती एकाच बाईला. कोण?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"सुईण. तिचं नाव कुठल्या पोथीत नाही. राजाचा निरोप येतो, झालं का? ती म्हणते, व्हायचं तेव्हा होईल. पुन्हा निरोप, अगं, मुहूर्त टळेल! ती म्हणते, महाराजांना सांगा, मुहूर्त बाळ घेऊन येतं, मी नाही. एवढं वाटत असेल तर इथं येऊन पाणी तापवा म्हणावं."

बायका खळखळून हसल्या. दमयंतीबाई थांबल्या, श्वास घेतला, कुणाच्याही लक्षात येईल इतका वेळ घेतला, आणि पुढं बोलल्या. सुईणीनं दिव्याची वात कशी सारली. कौसल्येचे केस कपाळावरून मागे कसे केले. तिला काय काय सांगितलं. पदाची एकही ओळ नव्हती त्यात. हेमचंद्ररावांनी एक स्वर बारीक धरून ठेवला होता, इतकंच. रडणारं मूल आईच्या खांद्यावर मान वळवून बाईंकडे बघायला लागलं.

घड्याळाचे काटे जुळत आले तसं त्यांनी माइक शिवराजच्या हातात दिला आणि बाजूला झाल्या.

तो गायला. पडदा सरला, गुलाल उडाला, घंटा वाजू लागल्या. पाळण्याचा दोर बायकांच्या हातांतून फिरत दमयंतीबाईंच्या हातात आला. सगळ्यांबरोबर त्यांनीही तोंड उघडलं. पाळण्याची पहिली ओळ निम्मी आली, मग खोकला आला. त्यांनी तोंडाला पदर लावला, खोकला जाऊ दिला, आणि मग गाणं इतरांवर सोडून नुसता दोर ओढत राहिल्या.

आरतीनंतर काकासाहेब सुंठवड्याचं पातेलं घेऊन रांगेतून येत होते. कपाळापासून कानापर्यंत गुलालानं लाल झालेले. बाईंच्या हातावर चमचा ठेवताना ते वाकले.

"ताई, काय बोललात! सगळे तेच म्हणताहेत. आता हनुमान जयंती आलीच आहे. पूर्ण कीर्तन तुमचं. जाहीर करू ना?"

"नको."

काकासाहेबांना वाटलं, घंटेत नीट ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत या बाईंनी कीर्तनाला नको म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. "अहो, हळूहळू करा. बसून करा हवं तर. आम्ही काही म्हणणार नाही."

"हनुमान जयंतीलाही शिवराजलाच सांगा. त्याला म्हणावं, घाई कमी कर." त्यांनी सुंठवडा तोंडात टाकला. "मला अजून उन्हाळाभर चालायचंय."

"बरं," काकासाहेब म्हणाले. मग ते पुढच्या हातावर चमचा ठेवायला वळले.